खाऱ्या पाण्याला विटाळ नाही

पंच्याऐंशी साली चिक्कोडीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यानं रंगीत टीव्ही घेतला आणि इकडं निपाणीत सुकुमारअण्णा मगदुमांची झोप उडाली. अण्णांच्या दोन वखारी होत्या, एक बंगला होता आणि आमच्या कॉलेजचं अध्यक्षपद होतं. टीव्ही त्यांना परवडत नव्हता असं नाही. पण दुसऱ्यानं आधी घेतलेली वस्तू आपण घेणं म्हणजे त्याचं उष्टं खाणं. पुढं ते व्यापाराच्या निमित्तानं सिंगापूरला गेले, तिथल्या एका हॉटेलात त्यांनी भिंतभर काचेत भरलेला समुद्र पाहिला, आणि परत आले ते ठरवूनच आले.

"टीव्हीत माणसं खोटी असत्यात," ते मला म्हणाले. "आपल्यात मासे खरे असणार."

मला म्हणाले, कारण मी त्यांच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे दर जूनमध्ये मला नेमायचे आणि दर एप्रिलमध्ये काढायचे. असं चार वर्षं चाललं होतं. माझं नाव धर्मराज बेनाडीकर. जात कळू नये म्हणून वडिलांनी आडनावाला गावाचं नाव लावलं होतं, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. आमच्याकडं आडनाव सांगून झालं की "बेनाडीत कुठं?" असं विचारतात. शिवाय माझी आई तानीबाई अण्णांच्या वखारीत तीस वर्षं तंबाखू चाळत होती. तिचा खोकला सगळ्या निपाणीला ओळखीचा होता.

"तानीबाईच्या लेका, पुढल्या साली जागा कायम व्हणार हाय," अण्णा म्हणाले. "एकच जागा. तू एवढा समुद्र करून दाव. मग बघू."

"मग बघू" म्हणजे काय, हे सीमाभागात शेंबड्या पोरालाही कळतं. मला मात्र "कायम" एवढंच ऐकू आलं. एम. एस्सी. झालेल्या माणसाचे कान असे असतात.

टाकी सहा फूट लांब आणि दोन फूट उंच. बेळगावच्या काचवाल्यानं ती लोखंडी चौकटीत बसवून दिली. खारं पाणी लोखंड खाईल, असं मी सांगितलं. "मगदुमांच्या घरचं लोखंड हाय, खाऊ दे किती खातंय त्ये," अण्णा म्हणाले. चाचणीला भरलेल्या मिठाच्या पाण्यानं दोन महिन्यांत चौकट गंजली आणि एका दुपारी बैठकीच्या गालिच्यावर समुद्र आला. मग मुंबईहून सिलिकॉनचा गोंद मागवून, मी आधी सांगितली होती तशी, नुसती काचेला काच जोडून टाकी केली. हा अण्णांनी स्वतःचा शोध म्हणून गावभर सांगितला.

आत काय मांडायचं यावर आमचं पंधरा दिवस वाजलं. अण्णांना मधोमध आपल्या बंगल्याची सिमेंटची प्रतिकृती हवी होती, वर "मगदूम अँड सन्स" अशी पाटी. सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, मासे मरतील, असं मी म्हटलं. मग नुसती पाटी तरी? पाटीचा रंगही उतरेल, म्हटलं. मगदूम हे नाव पाण्यात विरघळणार म्हटल्यावर त्यांनी नाद सोडला.

दगड मी वास्कोजवळच्या खडकाळ किनाऱ्यावरून ओहोटीला उचलून आणले, ओल्या पोत्यात गुंडाळून, गोव्याला माल घेऊन गेलेल्या अण्णांच्याच ट्रकमधून. त्याच ट्रकमधून पिंपं भरून समुद्राचं पाणी आलं. ते दगड जिवंत असतात. त्यांच्या भोकाभोकांत शेवाळ, शिंपले, किडे आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात, आणि पाणी साफ ठेवायचं काम खरं म्हणजे ते जंतूच करतात. माझे वडील शेतांचे बांध घालायचे, मातीशिवाय, नुसता दगडावर दगड. घरातून मला तेवढी एकच विद्या मिळाली होती, ती इथं कामाला आली. मोठे दगड खाली तिरके टेकवले, मागच्या काचेपासून चार बोटं लांब ठेवले म्हणजे पाठीमागूनही पाणी फिरेल. डावीकडं चढत नेलं, मध्ये एक गुहा सोडली, उजवीकडं उतरत उतरत मोकळी वाळू. बांध जसा धक्का मारून बघतात तसा प्रत्येक दगड हलवून बघितला. शेवटी दिवा लावला आणि मी लांब जाऊन उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी केलं होतं आणि ते मला कुणाकडं मागावं लागलं नव्हतं.

पुढचे सहा आठवडे आत एकही मासा सोडायचा नव्हता. जंतूंचा जम बसेपर्यंत थांबावं लागतं. अण्णांनी मात्र पहिल्याच रविवारी व्यापारी मंडळींना चहाला बोलावलं होतं. मंडळी काचेपुढं बसून चहा प्याली, बराच वेळ बघत राहिली, आणि शेवटी एकजण म्हणाला, "दगड चांगले हाईत, अण्णा." त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

आता विटाळाचं सांगतो. टाकी बैठकीत होती आणि काम करताना माझा हात खांद्यापर्यंत पाण्यात जायचा. घरात कुजबुज झाली. अण्णांनी एका वाक्यात निकाल दिला. "खाऱ्या पाण्याला विटाळ न्हाई. समुद्र कुणाचा म्हणायचा?" त्यामुळं साडेसहाशे लिटर खाऱ्या पाण्यात मी काखेपर्यंत हात घालू शकत होतो आणि त्याच घरातल्या तांब्याभर गोड्या पाण्याला बोट लावू शकत नव्हतो. बैठक आणि आतलं घर यांच्यामध्ये एक उंबरा होता. मीठ कुठं संपतं आणि धर्म कुठं सुरू होतो, ते मला तो उंबरा बघून बरोबर कळायचं.

त्या उंबऱ्याच्या पलीकडं तारामतीआक्का असायच्या. अण्णांच्या आई, सत्तरीच्या पुढच्या, कडक जैन. मुंगी चुकवायच्या नादात दोनदा पडून हात मोडून घेतलेला. कुणाला वाकडा शब्द बोलल्या नसतील. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यावर मायाही होती, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बाळगणं फार त्रासाचं काम आहे.

एक दिवस मी नवं आणलेलं समुद्राचं पाणी फडक्यातून गाळून टाकीत ओतत होतो. आक्का उंबऱ्यात आल्या.

"गाळलंस?"

"व्हय, आक्का."

"जिवाणी कुठाय?"

पाणी गाळल्यावर फडक्यात जे बारीक जीव राहतात ती जिवाणी. ती फेकायची नसते. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत अलगद नेऊन सोडायची. आक्कांनी लग्न होऊन आल्यापासून एक दिवसही हे चुकवलं नव्हतं.

"आक्का, ह्याची विहीर वास्कोला हाय."

"मग वास्कोला जा," आक्का म्हणाल्या.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मी पितळेचा एक झाकणाचा तांब्या फडक्यात बांधून निघायचो. तो तांब्या खास मला दिला होता, म्हणजे परत स्वयंपाकघरात न्यायचा नव्हता. निपाणीहून बसनं बेळगाव, बेळगावहून रेल्वेनं लोंढा, लोंढ्याला गाडीची वाट बघत चार तास, मग वास्को. एकदा तिकीट तपासनीसानं विचारलं, ह्यात काय आहे. "जीव," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीच शरमलो. लोंढ्याच्या फलाटावरच्या नळाखाली एक गटार आहे. तांब्या तिथं उपडा केला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. दर खेपेला मनात यायचं आणि दर खेपेला आक्कांचा चेहरा आठवायचा. मी वास्कोला जाऊन, गुडघाभर पाण्यात शिरून, तांब्या रिकामा करायचो, चार कॅन भरून घ्यायचो आणि आक्कांना शिव्या देत परत यायचो.

खरी अडचण पुढंच होती. टाकीतलं पाणी रोज उडून जातं, पण मीठ मागंच राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी घालावं लागतं. खारं घातलं तर मिठावर मीठ चढत जातं. आक्कांना विहिरीचं पाणी चालेना. दोन ठिकाणची पाणी एकत्र करायची नाहीत, विहिरीतले जीव खाऱ्यात मरतील. शास्त्र म्हणून त्यांचं बरोबरच होतं. मग मीच तोड काढली. उकळून निवलेल्या पाण्यात जीव नसतात, आक्का स्वतः तेच पितात. ते घालू.

हे त्यांना पटलं. रोज दिवस मावळायच्या आत त्या स्वतः पाणी उकळून निववून उंबऱ्यापर्यंत आणायच्या आणि वरून धार धरून माझ्या बादलीत ओतायच्या. त्यांच्या भांड्यात आणि माझ्या बादलीत कायम वीतभर अंतर. एक थेंब उडायचा नाही. मग मी दुधातलं पाणी पकडायला डेअरीत सोडतात तसली काचेची नळी टाकीत सोडून खारटपणा मोजायचो आणि तांब्या-तांब्यानं पाणी घालायचो. एकदम घातलं तर समुद्रातल्या जिवांना सोसत नाही.

सहा आठवड्यांनी मासे आले. काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे, निळ्या शेपटीचे, गुहेत तोंड बाहेर काढून बसणारे ठेंगणे, सगळे मिळून सत्तावीस. आणि एक समुद्रफूल, दगडाला चिकटून हिरवट पाकळ्या हलवणारं. ते फूल नसून प्राणी आहे, असं मी सांगितल्यावर आक्का रोज सकाळी त्याला नमस्कार करू लागल्या.

हे मासे काय खातात, असा प्रश्न साहजिकच निघाला. मगदुमांच्या घरात सुकट येणं शक्य नव्हतं. अण्णांनी जाहीर केलं की मगदुमांचे मासे शाकाहारी आहेत. आक्का सूर्यास्ताआधी पालकाचा चुरा टाकायच्या, आणि मी खडूच्या डब्यातून नेलेली सुकटीची पूड, कुणी बघत नसताना. मासे गुबगुबीत झाले. सांगलीपासून लोक हे शाकाहारी मासे बघायला आले. "संगतीचा परिणाम," अण्णा हात जोडून म्हणायचे. चिक्कोडीचा टीव्हीवाला येऊन गेला त्या दिवशी तर ते दोनदा म्हणाले. मीही मान हलवायचो. माझी जागा कायम व्हायची होती.

मार्चमध्ये मुलाखत झाली. मी आणि अण्णांचा पुतण्या महावीर, नुकताच एम. एस्सी. होऊन आलेला, असे दोघेच उमेदवार. महावीर वाईट मुलगा नव्हता. त्याला मासे आणि बेडूक यांतला फरक कळत होता. त्याच्या अर्जाला एक दाखला जोडलेला होता: "खाऱ्या पाण्यातील मत्स्यालय उभारण्याचा व सांभाळण्याचा प्रत्यक्ष अनुभव." खाली अध्यक्षांची सही. माझ्या अर्जालाही अध्यक्षांचा दाखला होता: "वर्तणूक चांगली." मंडळींनी मला मेंदूच्या नसा विचारल्या, त्या मी सांगितल्या. मग ती आपापसात कन्नडमध्ये बोलू लागली, जणू निपाणीत जन्मून मला कन्नड कळत नव्हतं. अण्णा म्हणत होते, नोकरी महावीरला द्या, मासे ह्याच्याकडंच राहू देत, ह्याचा हात चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी मी बंगल्यावर गेलो आणि टाकीच्या दिव्याच्या पेटीची किल्ली महावीरच्या हातात ठेवली.

"हे काय, सर?" तो खरंच घाबरला. "तुमीच बघायचं न्हवं?"

"ज्याला अनुभव हाय त्येनं बघायचं."

"आणखी काय विशेष ध्यानात ठेवायला पायजे का?"

"दाखल्यात लिव्हलंय की सगळं," मी म्हणालो आणि काचेची नळी खिशात घालून निघालो. ती कॉलेजची होती. एवढं चुरचुरीत उत्तर सुचल्याचा मला आठवडाभर आनंद होत होता.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, भर उन्हात, तारामतीआक्का आमच्या गल्लीत आल्या. चालत, एकट्या. आमच्या गल्लीत मगदुमांचं माणूस मताच्या वेळी तेवढं यायचं, तेही जीपमधून. आई चुलीपुढं होती, ती पदर सावरत उठली, पाट टाकला, पाण्याचा तांब्या पुढं केला.

"नको गं, तानी. आज उपास हाय," आक्का म्हणाल्या.

"अष्टमी काल झाली, आक्का," आई म्हणाली. तीस वर्षं त्यांच्या वखारीत काढल्यावर त्यांच्या तिथी तिला पाठ होत्या. तांब्या तिनं परत जागेवर ठेवला.

आक्का माझ्याकडं वळल्या. "धर्मराज, मासे तोंड वासून वर येत्यात रं. आठ मेले. फूल मिटलंय. महावीर रोज समुद्राचं पाणी घालतोय, ट्रक भरून आणलंय. म्या उकळून ठेवते त्ये घेत न्हाई. म्हणतो, समुद्रात कुणी गोडं पाणी घालतं का."

मला सगळं दिसलं. तीन आठवडे, एप्रिलचं ऊन, मिठावर मीठ.

"तुला हे ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"दाखला त्येंच्याकडं हाय, आक्का."

आक्का हळू आवाजात म्हणाल्या, "तुझी नोकरी गेली, त्यात माशांनी काय केलतं रं?"

चुलीकडून आईचा आवाज आला. "आणि माझ्या लेकानं काय केलतं, आक्का?"

आक्का तिच्याकडं न बघता मला म्हणाल्या, "येतोस का? तुझ्या हातानंच जगतील ती."

"येतो," मी म्हणालो. "पण पाणी उंबऱ्यात घेणार न्हाई. आत येणार. तुमच्या चुलीवर मी ठेवणार, मीच उतरवणार."

हे मी ठरवून बोललो नव्हतो. मागायची तर नोकरी मागायची, असं तीन आठवडे मनात घोळवत होतो. तोंडातून भलतंच निघालं, आणि निघाल्यावर कळलं की मला तेच हवं होतं.

आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. मघाशी पाणी नाकारताना त्या खोटं बोलल्या होत्या, आता खोटं बोलल्या नाहीत. "त्या जिवांसाठी मी माझा जीव दीन रं, धर्मराज," त्या म्हणाल्या. "पण हे मला न्हाई जमायचं."

त्या उठल्या. दारात थांबल्या.

"उकळून निवलेलंच लागतंय न्हवं?"

"व्हय."

त्या काय करणार ते मला त्याच क्षणी कळलं. मागून हाक मारून एवढंच सांगायचं होतं: एकदम नको आक्का, रोज थोडं, चार दिवस लावा. शब्द जिभेवर आले होते. आक्का उन्हातून, पायाखाली बघत, मुंग्या चुकवत चालल्या होत्या. गल्लीचं टोक येईपर्यंत हाक ऐकू गेली असती. मी तोंड उघडलं नाही.

त्या दुपारी त्यांनी अर्धी टाकी गड्याकडून उपसून घेतली, मोठा हंडा पाच-सहा वेळा चुलीवर चढवला आणि दिवस मावळायच्या आत सगळं निवलेलं पाणी स्वतःच्या हातानं एकदम ओतलं. रात्रीत फूल विरघळलं, पाणी दुधासारखं झालं, आणि सकाळी एकोणीस मासे आडवे तरंगत होते. महावीरचं समुद्राचं पाणी बाधलं, असं गावात म्हणाले. जून उजाडला तसा महावीर कायम झाला आणि अण्णांनी रंगीत टीव्ही घेतला, चिक्कोडीवाल्यापेक्षा मोठा.

आक्कांनी माशांसाठी तीन दिवस निर्जळी उपास धरला. लोक दर्शनाला गेले, केवढी दया म्हणाले. आपल्या हातून काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण ते सांगू शकणारा माणूस मी एकटाच होतो. जिनं जन्मात मुंगी मारली नाही, तिच्या हातून मी एकोणीस मासे मारवले. उपासाच्या तिसऱ्या दिवशी आईनं मला विचारलं, "काय रं, ती म्हातारी पाणी तरी पितीय का?" मी म्हणालो, मला काय माहीत. आणि भाकरी मोडून जेवायला लागलो.